ह्विच्चे: युद्धाविना विरघळलेले एक अँग्लो-सॅक्सन राज्य

इ.स. ७७८च्या सुमारास इंग्लंडच्या मध्य भागातील मर्सिया राज्याचा बलाढ्य राजा ऑफा याने सेजबरो या गावातील काही जमीन एआल्ड्रेड नावाच्या माणसाला दान दिली. दानाची लॅटिन सनद लिहिली गेली आणि तिची नक्कल पुढे वुस्टरच्या कॅथेड्रलच्या दप्तरात जपली गेली. एआल्ड्रेडची ओळख करून देताना लेखनिकाने वापरलेल्या शब्दांचा अर्थ असा होतो: ‘माझा मांडलिक राजा एआल्ड्रेड, म्हणजेच ह्विच्चे या त्याच्याच लोकांचा सरदार’. या वाक्यातील ‘म्हणजेच’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. राजा हा शब्द लिहून झाल्यावर लेखनिकाला जणू तो जास्त झाल्यासारखे वाटले आणि त्याने लगेच दुरुस्ती केली. याच घराण्यातील माणसे शंभर वर्षांपूर्वी स्वतःला कोणतेही उपपद न लावता ‘राजा’ म्हणवून घेत होती. मधल्या शंभर वर्षांत त्यांचा रणांगणावर पराभव झाल्याची एकही नोंद नाही. त्यांची राजधानी कोणी जाळली नाही, राजाचे शीर कोणी भाल्यावर टांगले नाही. ह्विच्चेंचे राज्य गेले ते सनदांमधल्या अशा बारीकसारीक शब्दबदलांतून.

हे ह्विच्चे कोण, ते पाहू. रोमन साम्राज्याने पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून हात काढून घेतल्यावर जर्मेनिक भाषा बोलणाऱ्या टोळ्या, म्हणजेच अँग्लो-सॅक्सन लोक, समुद्र ओलांडून तेथे स्थिरावल्या आणि पुढील दोन शतकांत त्यांची कितीतरी लहानमोठी राज्ये तयार झाली. शाळेच्या पुस्तकांत सहसा सात राज्यांची यादी असते: केंट, ससेक्स, एसेक्स, वेसेक्स, ईस्ट अँग्लिया, मर्सिया आणि नॉर्थंब्रिया. या यादीमुळे असा समज होतो की सगळा देश या सात तुकड्यांत नीट वाटला गेला होता. प्रत्यक्षात मधल्या प्रदेशात डझनावारी छोटे जनसमूह होते, प्रत्येकाचे स्वतंत्र नाव होते, काहींचे स्वतंत्र राजेही होते, आणि सात मोठी राज्ये ही या लहानांना गिळूनच मोठी झाली. ह्विच्चे हा गिळला गेलेल्यांपैकी एक मोठा घास होता. सेव्हर्न नदीच्या खोऱ्याचा खालचा भाग, तिला मिळणाऱ्या एव्हन नदीचे खोरे आणि पूर्वेकडील कॉट्सवोल्डच्या चुनखडीच्या टेकड्या हा त्यांचा मुलूख. आजच्या नकाशावर सांगायचे तर जवळजवळ सगळा वुस्टरशर, डीनचे जंगल वगळता ग्लॉस्टरशर, वॉरिकशरचा पश्चिमेकडील अर्धा भाग, आणि काही काळ दक्षिणेकडील बाथ शहर.

नावाच्या उच्चाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे. जुन्या इंग्रजीत हे नाव ‘ह’ आणि ‘व’ यांच्या जोडाक्षराने सुरू होते, आणि शेवटचा भाग ‘च्चे’ असा ठाशीव उच्चारला जातो. पुढे इंग्रजी लेखनिकांनी ही दोन अक्षरे उलटी लिहायला सुरुवात केली, म्हणजे ‘ह्व’चे ‘व्ह’ झाले. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही ‘जिह्वा’ लिहायचे सोडून सर्रास ‘जिव्हा’ लिहितो. नावाच्या अर्थाबद्दल मात्र एकमत नाही. जुन्या इंग्रजीतील पेटी किंवा संदूक या अर्थाच्या एका शब्दाशी त्याचा संबंध जोडून, दोन्ही बाजूंना उंच कडा आणि मध्ये सपाट खोरे अशा पेटीसारख्या भूभागात राहणारे ते ह्विच्चे, असे स्पष्टीकरण दिले जाते. ईव्हशमच्या आसपासचे सपाट खोरे आणि त्यामागे उठलेली कॉट्सवोल्डची भिंत डोळ्यांसमोर आणली की हे स्पष्टीकरण पटण्यासारखे वाटते, पण तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. ऑक्सफर्डशरमधील विचवुड या जंगलाच्या नावात हे लोक आजही आहेत, कारण ८४०च्या एका सनदेत तो शब्द ‘ह्विच्चेंचे रान’ अशा स्पष्ट रूपात येतो. ड्रॉइटविच या गावाच्या नावातील ‘विच’ मात्र त्यांचा नव्हे. तो वस्ती किंवा व्यापाराचे ठिकाण या अर्थाच्या वेगळ्या शब्दापासून आला आहे. दोन्ही नावे एकाच परिसरात आणि कानाला सारखी, त्यामुळे ही गफलत नेहमी होते.

आता खरा अवघड प्रश्न येतो: या लोकांच्या राज्याची हद्द आपल्याला कशी कळते? ह्विच्चेंनी स्वतःचा इतिहास लिहिला नाही. मर्सिया, केंट, ईस्ट अँग्लिया यांच्या राजांच्या वंशावळी, थेट वोडन देवापर्यंत नेऊन भिडवलेल्या, जपून ठेवलेल्या आढळतात. लिंड्सीसारख्या दुबळ्या राज्याचीही वंशावळ आहे. ह्विच्चेंची नाही. त्यांचे शिलालेख नाहीत, नाणी नाहीत. त्यांच्या सीमेचा सर्वांत भरवशाचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो, तो म्हणजे वुस्टरच्या बिशपच्या धर्मप्रांताची हद्द.

यामागचा तर्क असा आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर याने इंग्लंडमधील चर्चची नव्याने घडी बसवली. हा माणूस मूळचा आशिया मायनरमधील टार्ससचा, साठी उलटून गेल्यावर इंग्लंडला आलेला, आणि कामाला वाघ. मोठमोठ्या राज्यांना एकच बिशप असणे त्याला मान्य नव्हते. त्याने मर्सियाच्या प्रचंड धर्मप्रांताचे तुकडे केले आणि ते करताना सोयीचा मार्ग निवडला: ज्या जनसमूहाला स्वतःचे अस्तित्व आणि स्वतःचा राजा आहे, त्याला स्वतःचा बिशप द्यायचा. ६८०च्या सुमारास ह्विच्चेंना असा बिशप मिळाला आणि त्याचे आसन वुस्टरला ठरले. याचा अर्थ त्या वेळी राज्य जेवढे होते, तेवढाच धर्मप्रांत आखला गेला. राज्याच्या सीमा राजकारणाबरोबर सरकतात, पण बिशपची हद्द सहसा सरकत नाही, कारण तिच्यावर त्याचे उत्पन्न अवलंबून असते आणि कोणताही बिशप शेजाऱ्याला आपले उत्पन्न खुशीने देत नाही. त्यामुळे राज्य विस्मरणात गेल्यावरही त्याची बाह्यरेषा चर्चच्या कारभारात शतकानुशतके टिकून राहिली. दहाव्या-अकराव्या शतकात परगण्यांसारखे ‘शर’ नावाचे विभाग आखले गेले, तेव्हा जुन्या हद्दीकडे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. वॉरिकशर तयार करताना अर्धा प्रदेश ह्विच्चेंचा घेतला आणि अर्धा मूळ मर्सियाचा. तरीही त्या शरच्या आतून वुस्टर आणि लिचफिल्ड या दोन धर्मप्रांतांमधली रेघ जातच राहिली, आणि आजचा अभ्यासक जुने राज्य शोधताना याच रेघेवर बोट ठेवतो.

राज्य केवढे होते याचा अंदाज देणारा दुसरा पुरावा म्हणजे ‘ट्रायबल हाइडेज’ या नावाने ओळखली जाणारी यादी. तिची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत अकराव्या शतकातील आहे, पण मजकूर त्याहून पुष्कळ जुना, बहुधा सातव्या-आठव्या शतकातला. या यादीत तीसपेक्षा जास्त जनसमूहांची नावे आणि प्रत्येकापुढे हाइडचा एक आकडा आहे. हाइड म्हणजे एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन. ते ठरावीक क्षेत्रफळ नव्हते. सुपीक जमिनीचा हाइड लहान आणि माळरानाचा मोठा, असा हा हिशेब, आणि त्याचा उपयोग मोजणीपेक्षा आकारणीसाठी जास्त. म्हणजे ज्याच्या नावापुढे जितके हाइड, त्याने त्या प्रमाणात खंडणी किंवा माणसे पुरवायची. यादीत मर्सियाला ३०,००० हाइड आहेत, केंटला १५,०००, आणि ह्विच्चेंना ७,०००. ससेक्स आणि एसेक्स यांचाही आकडा ७,०००च आहे. म्हणजे शाळेच्या यादीतल्या सात राज्यांपैकी दोन राज्ये आणि शाळेने कधी नावही न घेतलेले ह्विच्चे हे आकारणीच्या दृष्टीने एकाच तोलाचे होते. याउलट, गिर्वे नावाचे दलदलीतले लोक प्रत्येकी ६०० हाइडच्या दोन गटांत मांडलेले दिसतात, आणि गिफ्ला, हिक्का यांसारखी नावे तर ३०० हाइडवरच थांबतात.

हे आकडे जनगणनेसारखे वाचू नयेत. आठव्या शतकातला इतिहासकार भिक्षू बीड (मराठवाड्यातील जिल्ह्याच्या नावाशी साम्य केवळ योगायोगाचे) ससेक्समध्ये ७,००० कुटुंबांची जमीन असल्याचे सांगतो. ते या यादीशी तंतोतंत जुळते. पण वाइट बेटाची जमीन तो १,२०० कुटुंबांची सांगतो, तर यादीत त्या बेटाला फक्त ६०० हाइड आहेत. एकाच बेटाची किंमत दोन कागदांवर निम्म्याने बदलते. त्यावरून एवढेच समजावे की हे आकडे वरून, गोल करून, वाटाघाटीने ठरत असत. पण कारकुनांच्या लेखी ह्विच्चे हे एक स्वतंत्र खाते होते, इतके मात्र यादीवरून नक्की म्हणता येते.

या राज्याची सुरुवात कशी झाली हे सांगताना जरा सावध राहावे लागते. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार नोंदींच्या ग्रंथात ५७७ सालाखाली डिरहमच्या लढाईची नोंद आहे. तीत वेसेक्सच्या बाजूने क्युथवाइन आणि सिआव्लिन यांनी तीन ब्रिटिश (म्हणजे या टोळ्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांच्या) राजांना मारून ग्लॉस्टर, सिरेन्सेस्टर आणि बाथ ही तीन शहरे घेतल्याचे म्हटले आहे. हा ग्रंथ वेसेक्सच्या दरबारी वळणाचा आणि नवव्या शतकाच्या अखेरीस रचलेला, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी. त्यामुळे या नोंदीवर किती विसंबायचे याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यानंतरची नोंद ६२८ची. मर्सियाचा पेंडा सिरेन्सेस्टरला वेसेक्सच्या सिनेगिल्स आणि क्विचेल्म यांच्याशी लढला आणि नंतर दोन्ही बाजूंनी तह केला. या तहात पेंडाच्या पदरात हा मुलूख पडला आणि त्यानेच इथे ह्विच्चेंचे राज्य आपल्या छत्राखाली उभे केले, असे पुष्कळांचे मत आहे. राजघराण्यातील ऑसरिक, ऑसवाल्ड, ऑशेर, ईन्फ्रिथ ही नावे नॉर्थंब्रियाच्या राजघराण्यातील नावांशी जुळतात म्हणून हे घराणे उत्तरेकडून आले असावे, असाही एक अंदाज आहे. नावांच्या साम्यावर रचलेला इतिहास आकर्षक असतो आणि ठिसूळही. मी तो अंदाजाच्याच खणात ठेवतो.

जमिनीखालचा पुरावा अधिक बोलका आहे. टोळ्यांच्या जुन्या धर्मानुसार शस्त्रे आणि दागिने घालून पुरलेल्या माणसांची दफनस्थाने या मुलखाच्या पूर्वेकडे, एव्हन नदीकाठी बिडफर्डला किंवा टेम्सच्या उगमाकडील फेअरफर्ड आणि लेचलेडला, मोठ्या संख्येने सापडली आहेत. पश्चिमेकडे सेव्हर्नच्या बाजूला सरकावे तशी ती विरळ होत जातात. म्हणजे पश्चिम भागातली बहुसंख्य माणसे बाहेरून आलेली नव्हती. ती जुनीच ब्रिटिश माणसे होती, रोमन काळापासून ख्रिस्ती झालेली, आणि हळूहळू नवी भाषा व नवे नाव स्वीकारणारी. अॅल्सेस्टरजवळच्या एक्सहॉल या गावाच्या नावात चर्च या अर्थाचा ब्रिटिश शब्द दडलेला आहे. नवागतांनी ते नाव दिले तेव्हा तेथे चर्च उभे होते, किंवा निदान त्याची आठवण ताजी होती, असा त्याचा अर्थ होतो.

बीडच्या ग्रंथात याला पूरक असा एक ओझरता उल्लेख आहे. ससेक्सच्या राजाची राणी एआबे ही ह्विच्चेंच्या घराण्यातली होती. तिच्याबद्दल तो लिहितो की तिचा बाप्तिस्मा तिच्या माहेरीच झाला होता आणि तिचे वडील ईन्फ्रिथ, काका ईन्हेरे हे दोघेही आपल्या लोकांसह ख्रिस्ती होते. कोणत्या राजाला कोणी ख्रिस्ती केले हे सांगण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घालणारा हा लेखक ह्विच्चेंना कोणी ख्रिस्ती केले याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. शेजारच्या ब्रिटिश ख्रिस्ती लोकांकडूनच त्यांनी धर्म घेतला असावा, हे त्या मौनाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण आहे. आणि बीडला ब्रिटिश चर्चचे श्रेय मान्य करणे मुळीच आवडत नसे.

त्या नावडीचे कारणही त्याने स्वतःच सांगितलेल्या एका प्रसंगात आहे, आणि तो घडतो ह्विच्चेंच्याच सीमेवर. रोमहून धर्मप्रसारासाठी पाठवलेला ऑगस्टिन सातव्या शतकाच्या अगदी आरंभी ब्रिटिश बिशपांना भेटायला पश्चिमेकडे आला. भेटीची जागा ह्विच्चे आणि वेसेक्स यांच्या सीमेवरचे एक ओकचे झाड, ज्याला बीडच्या काळातही ‘ऑगस्टिनचा ओक’ म्हणत असत. ईस्टरची तारीख कशी काढायची, बाप्तिस्मा कोणत्या पद्धतीने द्यायचा, असे वादाचे मुद्दे होते. पहिल्या बैठकीत निकाल लागला नाही. दुसऱ्या बैठकीला जाण्यापूर्वी ब्रिटिश बिशपांनी एका तपस्व्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, तुम्ही त्याला आधी पोहोचू द्या. तुम्ही जवळ गेल्यावर तो उठून उभा राहिला तर तो नम्र आहे, त्याचे ऐका. बसून राहिला तर तुम्हीही त्याची पर्वा करू नका. सात बिशप गेले. ऑगस्टिन आसनावर बसून राहिला. बोलणी तिथेच फिसकटली. झाडाचे नेमके ठिकाण आज कोणालाच दाखवता येत नाही, पण या गोष्टीतून एवढे समजते की बीडने आपला ग्रंथ ७३१ साली पूर्ण केला तेव्हा वाचकाला जागा समजावून सांगायला ‘ह्विच्चेंची सीमा’ एवढे म्हणणे पुरेसे होते.

ह्विच्चेंचा पहिला नीट दिसणारा राजा म्हणजे ऑसरिक. नोव्हेंबर ६७५ ही तारीख असलेल्या सनदेनुसार त्याने बाथजवळची शंभर कुटुंबांची जमीन बर्टा नावाच्या मठाधिपतीला संन्यासिनींच्या मठासाठी दिली. सनदेत शहराचे नाव ‘हाट बाथू’ असे इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ गरम पाण्याची स्नाने. रोमन इमारती तोवर ढासळल्या होत्या, पण झरे गरमच होते. ही सनद बाराव्या शतकातील नकलेच्या रूपात उरली आहे आणि नकलांमध्ये भर पडते, हे लक्षात ठेवूनही तिचा गाभा खरा मानला जातो. ग्लॉस्टरचा मठही ऑसरिकनेच स्थापला आणि त्याची बहीण किनेबुर्ग तिथली पहिली मठाधिपती झाली, अशी त्या मठाची परंपरा सांगते. वुस्टरच्या पहिल्या बिशपांची हकीकतही याच काळातली. सुरुवातीला टाटफ्रिथ नावाच्या विद्वानाची निवड झाली, पण दीक्षाविधी होण्याआधीच तो वारला. मग बोसेल आला, आणि त्याला शारीरिक व्याधींमुळे काम झेपेना, म्हणून ऑफ्टफर आला. आरंभ असा अडखळत झालेला हा धर्मप्रांत पुढे राज्याहून कितीतरी पटींनी जास्त जगला.

ह्विच्चे हे एकजिनसी नव्हते. मोठ्या नावाच्या आत आणखी छोटी नावे होती. वुस्टर या नावाचा पहिला भाग वेओगोरान या छोट्या टोळीचा आहे. ॲल्न नदीकाठच्या स्टॉपिंगास या लोकांच्या मुलखात मर्सियाच्या एथेल्बाल्डने वीस हाइड जमीन मठासाठी दिल्याची सनद आहे, आणि तो मठ म्हणजे आजच्या वुटन वावेनचे चर्च. किडरमिन्स्टरजवळ हुस्मेरे नावाचे लोक राहत होते. त्यांच्याबद्दल कळते ते ७३६ सालच्या एका मूळ सनदेवरून, आणि ही सनद जरा जवळून पाहण्यासारखी आहे. नकलांच्या जंगलात हे मूळ चामडे आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. एथेल्बाल्ड आपल्या सिनेबेर्ट नावाच्या साथीदाराला स्टाउर नदीच्या दोन्ही काठांवरील दहा हाइड जमीन मठ बांधण्यासाठी देतो. चतुःसीमा सांगताना उत्तरेला किन्व्हरचे रान असल्याचे लिहिले आहे, आणि ते रान व ते नाव आजही त्याच जागी आहे. एथेल्बाल्ड स्वतःला मर्सियाचाच नव्हे तर सर्व दक्षिणी इंग्लिश प्रांतांचा राजा म्हणवतो, आणि खाली साक्ष देताना तर थेट ‘ब्रिटनचा राजा’ म्हणून सही करतो. त्याच यादीत, थोडे खाली, एथेलरिक नावाच्या माणसाची साक्ष आहे. हा ह्विच्चेंचा राजा ऑशेर याचा मुलगा. स्वतःच्या मुलखातली जमीन दुसरा राजा देत असताना तो साक्षीदार म्हणून उभा आहे, आणि स्वतःला म्हणवतो ‘मांडलिक राजा आणि महायशस्वी एथेल्बाल्डचा साथीदार’. बापाचे ‘राजा’पण मुलापर्यंत येईतो असे उतरले होते.

एखादा बलाढ्य शेजारी या मुलखावर डोळा ठेवून का होता, याचे उत्तर ड्रॉइटविचच्या जमिनीत आहे. तिथे भूगर्भातील मिठाच्या थरांतून वर येणारे पाणी समुद्राच्या पाण्याच्या सुमारे दहापट खारट आहे. आपल्याकडे मिठागरात समुद्राचे पाणी कोंडून उन्हावर सोडले की काम होते. इंग्लंडच्या उन्हाचा काही भरवसा नाही, त्यामुळे तिथे शिशाच्या कढयांत खारे पाणी ओतून खाली लाकूड जाळावे लागे. पण पाणीच इतके घट्ट खारट असल्यामुळे जळण पुष्कळ वाचे, आणि म्हणूनच समुद्रापासून लांब असूनही हे गाव मिठाचे केंद्र झाले. रोमन लोक त्याला सॅलिने म्हणत, इंग्रज त्याला सॉल्टविच म्हणू लागले. मांस आणि लोणी टिकवण्यासाठी, चीज करण्यासाठी मीठ सगळ्यांनाच हवे होते, आणि लांब लांबच्या गावांचे हक्क इथल्या भट्ट्यांत अडकलेले असत. इथून निघणाऱ्या मिठाच्या वाटांची नावे आजही काही रस्त्यांना चिकटून आहेत. आठव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात एथेल्बाल्डने वुस्टरच्या चर्चला साल्वार्प नदीच्या दक्षिणेकडे तीन मिठाच्या छपऱ्या आणि सहा भट्ट्या यांसाठी जागा दिली आणि बदल्यात उत्तरेकडील दोन छपऱ्यांतल्या सहा भट्ट्या घेतल्या. हा व्यवहार ह्विच्चेंच्या मुलखाच्या पोटातला, पण तो करणारा मर्सियाचा राजा. नवव्या शतकाच्या अखेरीस वुस्टरच्या बिशपला शहरातील उत्पन्नाचा अर्धा वाटा देणाऱ्या सनदेतही एक अपवाद नमूद केलेला आहे: सॉल्टविचला गाडीमागे एक शिलिंग आणि ओझ्यामागे एक पेनी ही जकात मात्र ‘पूर्वापार चालत आल्याप्रमाणे’ राजाकडेच जाईल. बिशपवर मेहेरनजर खरी, पण मिठाचा पैसा सोडायला कोणी तयार नव्हते.

मर्सियाने ह्विच्चेंना नेमके कसे आत घेतले, याची प्रक्रिया सनदांवरून बरीचशी उलगडता येते. त्या काळी जमीन कायमस्वरूपी दान द्यायची तर सनद लागत असे, आणि सनदेला वजन येण्यासाठी तिच्यावर सर्वश्रेष्ठ राजाची संमती असणे उत्तम. स्थानिक राजाने मठाला जमीन दिली, की मठ स्वतःहून मर्सियाच्या राजाकडे जाऊन संमती मागे, कारण उद्या भांडण झाले तर निवाडा तिथेच होणार होता. अशी संमती काही पिढ्या घेतली गेली, की ती ऐच्छिक न राहता आवश्यक होते. ७५७ साली ईन्बेर्ट, उट्रेड आणि एआल्ड्रेड या तीन भावांनी वुस्टरचा बिशप मिलरेड याला जमीन दिली, तेव्हा ते स्वतःला लॅटिनमध्ये ‘रेगुलुस’ म्हणजे छोटे राजे म्हणवत होते. छोटे, पण या सनदेत मांडलिक नव्हे. त्याच वर्षी एथेल्बाल्डचा त्याच्याच अंगरक्षकांनी खून केला होता आणि मर्सियात गोंधळ होता, हे इथे ध्यानात घ्यावे. पुढे ऑफाने गादी पक्की केल्यावर त्याच तिघांपैकी एआल्ड्रेड हा लेखाच्या सुरुवातीला पाहिलेल्या सनदेत ‘माझा मांडलिक राजा, म्हणजेच सरदार’ झालेला आहे. एआल्ड्रेडनंतर या घराण्यातल्या कोणालाही राजा म्हटल्याचे आढळत नाही. ७८१ साली ऑफाने वुस्टरच्या बिशपकडून बाथचा मठही घेतला आणि ऑसरिकने शंभर वर्षांपूर्वी वसवलेली ती जागा ह्विच्चेंच्या हद्दीतून कायमची निसटली. म्हणून धर्मप्रांताची हद्द कधीच बदलली नाही, असे सरसकट विधान करू नये. बदलली, पण जिथे बदलली तिथे बहुधा मोबदल्याचा किंवा भांडणाचा कागद उरला आहे.

राजे गेल्यावर सरदार आले. ८०२ साली वेसेक्समध्ये एग्बेर्ट गादीवर बसला, त्याच दिवशी ह्विच्चेंचा सरदार एथेल्मुंड आपले लोक घेऊन केम्प्सफर्डपाशी टेम्स ओलांडून दक्षिणेत उतरला. विल्टशरचा सरदार वेओख्स्टान त्याला सामोरा गेला. मोठी लढाई झाली, दोन्ही सरदार मारले गेले आणि विल्टशरच्या लोकांचा विजय झाला. क्रॉनिकल ही चढाई ‘ह्विच्चेंकडून’ झाल्याचे सांगते, मर्सियाकडून नव्हे. गादी गेली तरी नाव रणांगणावर चालत होते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, ९९७च्या सनदेत लेओफ्वाइन नावाच्या सरदाराचा उल्लेख ‘ह्विच्चेंच्या प्रांतांचा सरदार’ असा येतो. तोपर्यंत मर्सियाचे स्वतंत्र राज्यही संपले होते आणि सगळा देश वेसेक्सच्या वंशजांच्या एकछत्री अमलाखाली होता. गिळणारा संपला आणि गिळलेल्याचे नाव मात्र अजून कागदावर होते.

अकराव्या शतकात शर पक्के झाले आणि कारभारात ह्विच्चे हा शब्द निरुपयोगी ठरला. धर्मप्रांत मात्र त्याच आकारात वुस्टरहून चालत राहिला. ग्लॉस्टरचा मठ आपला संस्थापक विसरला नव्हता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या मठाच्या शेवटच्या मठाधिपतीने मुख्य वेदीजवळ ऑसरिकची निजलेली दगडी मूर्ती बसवली. मूर्तीच्या डोक्यावर मुकुट आहे आणि हातांत चर्चची छोटी प्रतिकृती, म्हणजे हे मंदिर याने उभारले अशी खूण. शेजारीच इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याची कबर आहे, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पावले तिच्याकडेच वळतात. आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद केले त्या लाटेत १५४० साली हा मठही बंद झाला. पुढच्याच वर्षी, १५४१मध्ये, राजाने मठाच्या त्या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा देऊन ग्लॉस्टरचा नवा धर्मप्रांत स्थापन केला, आणि त्यासाठी लागणारा मुलूख प्रामुख्याने वुस्टरच्या धर्मप्रांतातून कापून काढला. सुमारे साडेआठशे वर्षे टिकलेली ह्विच्चेंची हद्द अशी मधोमध चिरली गेली, ती ऑसरिकच्याच चर्चला बिशपचे आसन देण्यासाठी.